उतारावरचे अंगण आणि आधाराची भिंत

शिरोळहून गगनबावड्याकडे निघालेला प्रवासी जेमतेम शंभर किलोमीटर अंतर तोडतो. परंतु तेवढ्या प्रवासात तो दोन निराळ्या हवामानांतून जातो. शिरोळच्या काळ्या रानात वर्षाकाठी सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्याच्या कड्यावर तोच पाऊस पाच हजार मिलिमीटरचा आकडा ओलांडतो. पूर्वेकडील सपाट शिवारात अंगण ही सहज लाभणारी गोष्ट आहे. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांच्या डोंगरी भागात मात्र अंगण कमवावे लागते. एका बाजूने टेकडी तासायची, दुसऱ्या बाजूस भराव घालायचा आणि मध्ये घर, शाळा, समाजमंदिर किंवा दवाखाना उभा करायचा, हीच तेथील बांधकामाची रीत आहे. अशा प्रत्येक अंगणाला एक भिंत लागते. त्या भिंतीविषयी आज विचार करावयाचा आहे.

एका शब्दामुळे होणारा घोटाळा

आपल्या कार्यालयीन व्यवहारात ‘संरक्षक भिंत’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. शाळेच्या आवारात गुरेढोरे शिरू नयेत म्हणून घातलेले कुंपण हीही संरक्षक भिंत आणि पटांगणामागचा डोंगर खाली येऊ नये म्हणून बांधलेली भिंत हीही संरक्षक भिंतच. पहिल्या भिंतीला आपले स्वतःचे वजन आणि वारा एवढेच सोसावयाचे असते. दुसरीला रात्रंदिवस मागून रेटणाऱ्या मातीशी झुंजावयाचे असते. म्हणून या भाषणात दुसऱ्या प्रकारच्या भिंतीला ‘आधारभिंत’ असे म्हटले आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावात आणि अंदाजपत्रकातही हा भेद स्पष्ट लिहिला गेला, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

कारण प्रत्यक्षात असे घडते की, आधी नऊ इंची विटांचे कुंपण उभे राहते. दोन-तीन वर्षांनी अंगण समपातळीत आणावे म्हणून त्याच कुंपणाच्या आतून कमरेएवढा भराव टाकला जातो. कुंपणाची आधारभिंत झाली, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पहिला मोठा पाऊस मात्र त्याची आठवण करून देतो.

२०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडी अशा भिंतींनी महाराष्ट्राला मोठा धडा दिला. २९ जून रोजी पुण्यातील कोंढवा येथे एका निवासी संकुलाची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या खोपट्यांवर कोसळली आणि १५ जण दगावले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २ जुलैच्या मध्यरात्री, मुंबईत मालाड पूर्वेकडील टेकडीवर जलाशयाच्या हद्दीची भिंत झोपडवस्तीवर आली आणि त्यात तीसच्या आसपास बळी गेले. दोन्ही ठिकाणी भिंतीच्या पायथ्याशी माणसे झोपलेली होती. ज्या भिंतीखाली माणसे झोपतात किंवा मुले खेळतात, ती भिंत हा केवळ बांधकामाचा विषय राहत नाही.

भिंतीमागचे ओझे

भिंतीवर मातीचा दाब किती येतो? तीन मीटर उंचीची भिंत घ्या. तिच्यामागे चांगला कोरडा मुरूम भरलेला आहे आणि वरचे अंगण सपाट आहे. अशा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर मागून सुमारे पावणेतीन टनांचा रेटा येतो. आता तोच भराव पावसाने काठोकाठ भरला आणि पाण्याला बाहेर पडण्यास वाट नाही असे समजा. मातीचा रेटा काहीसा कमी होतो, कारण पाण्यात बुडालेली माती हलकी होते. पण त्यात पाण्याच्या स्वतःच्या दाबाची भर पडते आणि एकूण रेटा सुमारे सहा टनांवर जातो. म्हणजे भिंत तीच, माती तीच. केवळ पाणी अडल्यामुळे ओझे दुपटीहून अधिक झाले.

भिंत पडते ती बहुतेक वेळा या अडलेल्या पाण्यामुळे. उन्हाळ्यात बांधलेली भिंत पाहणीच्या वेळी ताठ उभी असते, देयक मंजूर होते आणि खरी परीक्षा जुलैमध्ये होते. सलग चार-आठ दिवस झड लागली, जमिनीने पोटभर पाणी प्यायले आणि भिंतीला निचऱ्याची सोय नसली, की रात्रीतून भिंत पुढे झुकते.

उंचीचा हिशेबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भिंतीची उंची दुप्पट केली तर मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत पुढे उलथविण्याचा जोर आठपट होतो. म्हणूनच दीड मीटरच्या भिंतीवर मागाहून आणखी दीड मीटर चढविण्याचा मोह घातक ठरतो. त्याऐवजी उतारावर दोन ठेंगण्या भिंती पुरेशा अंतराने, पायरीसारख्या बांधणे अनेकदा स्वस्तही पडते आणि निर्धोकही ठरते.

जुन्या तालींचे शहाणपण

आपल्या डोंगरी भागातील शेतकऱ्याला हे शास्त्र पुस्तकावाचून माहीत होते. उतारावरच्या रानात त्याने घातलेल्या दगडी ताली चुन्या-सिमेंटावाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. मोठे दगड तळाशी, भिंतीचा कल किंचित मागे डोंगराकडे, पायाशी रुंदी अधिक आणि फटींतून पाणी झिरपण्यास मोकळी वाट, ही त्यांच्या टिकाऊपणाची कारणे होत. कोरड्या रचाईची भिंत माती अडविते आणि पाणी सोडून देते.

काँक्रीट आले आणि भिंत मजबूत झाली. परंतु तिच्या अंगच्या फटी बुजल्या. तालीला जे आपसूक मिळत होते, ते काँक्रीटच्या भिंतीला मुद्दाम द्यावे लागते. हे न ओळखता केवळ काँक्रीट घातले म्हणजे काम पक्के झाले, असे मानणे ही आजची सर्वांत महाग पडणारी समजूत आहे.

वजनाने तोलणारी भिंत कशी असते, याचा भव्य नमुना याच जिल्ह्यात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले राधानगरीचे धरण आपल्या दगडी बांधकामाच्या वजनावर पाण्याचा रेटा थोपवून उभे आहे. उतारावरच्या अंगणाची दगडी किंवा साध्या काँक्रीटची भिंत लहान प्रमाणावर तेच काम करते. अशा भिंतीच्या पायाची रुंदी साधारणपणे उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी नसावी. तीन मीटरच्या आसपास उंचीपर्यंत हा प्रकार सोयीचा असतो. त्याहून उंच भिंतीस दगड-काँक्रीट फार लागते. मग लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची, इंग्रजी एल किंवा उलट्या टी अक्षरासारखी भिंत परवडते. तिच्या तळाची लादी मागे भरावाखाली जाते आणि वरची मातीच आपल्या वजनाने त्या लादीला दाबून भिंतीला तोल देते. जेथे रस्त्याकडेला किंवा ओढ्याकाठी जमीन थोडीफार हलण्याची शक्यता असते, तेथे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेले पेटारे, म्हणजेच गॅबियन, उपयोगी पडतात; ते वाकतात पण तुटत नाहीत आणि पाण्याला अडवीत नाहीत. डोंगरी प्रदेशातील अशा भिंतींसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १४४५८ हे मानक १९९८ पासून उपलब्ध करून दिले आहे.

थंड देशांचा अनुभव

ज्या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते, तेथे या भिंतींची आणखी कठोर कसोटी लागते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. भिंतीमागची ओली चिकणमाती गोठून फुगते, भिंतीला पुढे ढकलते आणि वसंतात वितळून सैल होते. हे दरवर्षी घडते. म्हणून तेथे भिंतीचा पाया गोठणाऱ्या थराच्या खाली, कित्येक ठिकाणी एक मीटरहून खोल नेतात, भिंतीमागे चिकणमाती राहू देत नाहीत आणि त्या जागी खडी भरून तळाशी छिद्रांची नळी बसवितात.

कोल्हापुरात जमीन गोठत नाही. पण येथील काळी माती बर्फासारखीच वागते. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते आणि भेगाळते. डोंगरी भागात जांभ्याखाली आढळणारी शेडीसारखी मऊ माती पाणी लागताच साबणासारखी निसरडी होते. कारण निराळे, उपाय मात्र तोच: पाया कच्च्या थराखाली पक्क्या मुरमात किंवा खडकात न्यावा, भिंतीमागे फुगणारी माती भरू नये आणि पाण्याला वाट द्यावी.

भिंत बांधताना

काम सुरू होण्यापूर्वी जागेची पाहणी पावसाळ्यात एकदा झालेली असावी. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळ जुलैत ओढा झालेली असते. पाणी कोठून येते व कोठे जाते, हे गावातील वृद्धांना ठाऊक असते. त्यांना विचारून अभियंत्याच्या नकाशावर त्याची नोंद करून घ्यावी.

टेकडी एकदम सलग तासू नये. पावसाच्या तोंडावर यंत्र आणून सगळा उतार उभा कापून ठेवणे आणि भिंत दिवाळीनंतर बांधू म्हणणे यासारखा धोका नाही. खोदाई टप्प्याटप्प्याने, थोडी थोडी लांबी घेऊन करावी आणि भिंत भरावासह पावसापूर्वी पुरी करावी.

सळ्यांच्या काँक्रीटच्या भिंतीत मुख्य सळ्या मातीच्या बाजूस असावयास हव्यात. मागून रेटा येतो तेव्हा भिंत पुढे वाकू पाहते आणि ताण मातीकडच्या अंगास येतो. सळ्या दर्शनी बाजूस बांधल्या गेल्या, तर लोखंड तेवढेच लागते. परंतु त्याचा उपयोग होत नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी ही गोष्ट सरपंचालाही उभ्या उभ्या पाहता येते. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस, आणि उन्हाच्या कडाक्यात अथवा मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, त्यावर पाणी मारीत राहावे. काँक्रीटला पुरेशी ताकद येण्यापूर्वी मागे भराव टाकू नये. भराव टिपरने एकदम न लोटता पातळ थरांत घालून धुम्मस करावा.

निचऱ्याची व्यवस्था तीन भागांची असते. भिंतीला लागून एक फूट ते दीड फूट जाडीचा खडी-डबराचा थर तळापासून वर न्यावा. तळाशी साठणारे पाणी वाहून नेणारी नळी किंवा खडीची चारी असावी. भिंतीच्या अंगात साधारण एक ते दीड मीटर अंतराने ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची छिद्रे ठेवावीत व त्यांचा उतार बाहेरच्या बाजूस असावा. गवंडी त्यांना वीप होल म्हणतात. छिद्रांच्या मागे खडी नसेल, तर माती वाहून येऊन ती एका पावसाळ्यातच बुजतात. म्हणजे नुसती छिद्रे ठेवून भागत नाही. पाणी छिद्रापर्यंत पोहोचले पाहिजे.

अंदाजपत्रकाला कात्री लावावयाची वेळ आली, की पहिला घाव या निचऱ्यावर बसतो, कारण खडीचा थर मातीआड जातो आणि उद्‌घाटनाच्या दिवशी तो दिसत नाही. भिंतीची उंची अर्ध्या फुटाने कमी झाली तर सर्वांच्या लक्षात येते. खडी न घातल्याचे मात्र भिंत पडल्यावरच कळते. म्हणून निचऱ्याची बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहिलेली असावी, भराव झाकण्यापूर्वी तिचे मोजमाप घेतले जावे आणि छायाचित्र दप्तरी ठेवले जावे.

भिंत बांधल्यानंतर

भिंत उभी राहिली की तिच्या आयुष्याची जबाबदारी ती वापरणाऱ्यांकडे येते. घराच्या पागोळ्यांचे पाणी भिंतीमागच्या भरावात सोडू नये. वरच्या अंगाला पक्के गटार काढून ते बाजूने उतरवावे. शौचालयाचा शोषखड्डा भिंतीच्या माथ्याजवळ खणू नये. पावसाचे पाणी चार महिने येते, शोषखड्ड्याचे बारा महिने. भिंतीच्या काठावर पाण्याची टाकी, विटांचे थर किंवा भरलेली उसाची ट्रॉली उभी केली, तर त्यांचे वजनही अखेर भिंतीलाच पेलावे लागते. नळपाणी योजनेचा चर भिंतीच्या पायाशी खोदला, तर भिंतीचे पायच उघडे पडतात. ही सर्व कामे गावातच, गावाच्या संमतीने होतात. म्हणून त्यांना आळा घालणेही गावाच्याच हाती आहे.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे आहे. भिंतीत नवी आडवी भेग पडणे, भिंतीचा मध्य पोटासारखा फुगणे, माथ्याजवळ जमिनीला भिंतीशी समांतर चीर जाणे, छिद्रांतून एकाएकी गढूळ पाणी येणे अथवा भर पावसात त्यांतून येणारे पाणी अचानक बंद होणे, ही धोक्याची चिन्हे होत. भेगेच्या दोन्ही बाजूंस रंगाने खुणा करून दर आठवड्यास अंतर मोजण्याचे काम सातवी-आठवीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुरक्षित जागी उभे राहून, कोरड्या दिवशी करू शकतील. अंतर वाढत असल्यास त्या बाजूचे वर्ग बंद करून लेखी कळवावे. पाहणी होईपर्यंत मुलांना भिंतीखाली बसू देऊ नये.

भिंतीची मर्यादा

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आधारभिंत अंगण राखते. डोंगर राखीत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगरकडा आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे तेच घडले. अशा दरडीपुढे चार मीटरच्या भिंतीचा टिकाव लागत नाही. त्या २०२१ च्या जुलैत आपल्या पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ताही खचला आणि गडावरील रहिवाशांची वाहतूक तुटली. ज्या गडाची सुमारे सात किलोमीटरची तटबंदी शतकानुशतके उभी आहे आणि जो २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला, त्याच्या अंगावरही उतार आणि पाणी यांचा नियम तोच राहिला.

म्हणून जेथे साऱ्या उतारालाच मोठ्या भेगा पडल्या आहेत, झाडे व विजेचे खांब कलले आहेत, नवे झरे फुटले आहेत, तेथे भिंतीचा ठराव करून गावाने निश्चिंत होऊ नये. तेथे भूवैज्ञानिकांची पाहणी, पावसाळ्यातील तात्पुरते स्थलांतर आणि गरज पडल्यास पुनर्वसन हेच मार्ग उरतात. त्या गावी भिंत बांधणे म्हणजे लोकांना खोटा धीर देणे होय. याउलट जेथे प्रश्न शाळेच्या पटांगणाचा, घरामागच्या तासलेल्या दरडीचा किंवा रस्त्याच्या भरावाचा आहे, तेथे नीट बांधलेली भिंत दोन-तीन पिढ्यांचे रक्षण करू शकते. हा निवाडा तज्ज्ञांच्या मदतीने, काम मंजूर होण्यापूर्वी व्हावयास हवा. उतार मोकळा असेल तेथे वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावणे आणि उताराच्या डोक्यावर पाणी वळविणारी चर काढणे, ही अल्प खर्चाची कामे भिंतीला मोठा हात देतात.

श्रोतेहो, अनेक गावांत एक दृश्य दिसते. पावसाळ्यात भिंतीच्या छिद्रांतून पाणी ठिबकते, पटांगणात चिखल होतो, भिंतीवर शेवाळ धरते. मग कोणीतरी तक्रार करतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती छिद्रे सिमेंटने लिंपून वर रंग दिला जातो. भिंत सुंदर दिसू लागते आणि त्याच दिवसापासून धोकादायक होते. ठिबकणारी भिंत आपले काम करीत असते. तिच्या पायाशी एक पक्के गटार बांधून द्यावे आणि दरवर्षी मे महिन्यात, ग्रामसभेच्या नोंदीसह, तिची छिद्रे सळईने मोकळी करून घ्यावीत. दोन मजुरांचे एका दिवसाचे हे काम आहे. एवढे झाले, तर जुलैच्या झडीत पटांगणावर जमलेली मुले आणि त्यांच्यामागची ती भिंत यांविषयी गावाला रात्री निर्धास्त झोपता येईल.